बेडकाचं पाणी

आमच्या कॉलेजला प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी बेडूक लागायचे आणि ते घोटीकडच्या एका खेड्यातली बाई आणून द्यायची. ओल्या गोणपाटाची पिशवी, आत वीस-पंचवीस बेडूक, वर सुतळीची गाठ, आणि हे सगळं बोचकं एसटीच्या सीटखाली. कंडक्टरने विचारलं की म्हणायची, "भाजी हाय." वाडीवऱ्हेच्या आसपास भाजी डरांव करायची आणि अख्खी गाडी हसायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी त्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, जोडीला पीएच.डी. करत होते, आणि माझ्या नाकावर कायम राग असायचा. विद्यार्थी मागून मला 'बेडूकबाई' म्हणायचे. मला ते कळायचं आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

कारण बेडूक माझेही होते. फक्त मला ते मारायचे नव्हते, मला त्यांच्या कातडीवरचा चिकट ओलावा हवा होता. बेडूक उघड्या अंगाने चिखलात राहतो. त्या चिखलात बुरशी आणि जंतू नुसते बुजबुजलेले असतात. तरी त्याची कातडी सहसा कुजत नाही, कारण तिच्यातून एक स्राव पाझरतो आणि त्यात पेप्टाइड असतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा बारकासा तुकडा. यातले काही तुकडे बुरशीच्या पेशीला जाऊन चिकटतात, तिच्या पातळ आवरणाला भोकं पाडतात, आणि पेशीतलं सगळं बाहेर गळून जातं. बुरशीवरची औषधं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातली काही माणसालाच सोसत नसत. म्हणून निसर्गाने आयतं बनवून ठेवलेलं हे हत्यार आपल्याला वापरता येईल का, यावर जगात ठिकठिकाणी काम चाललं होतं. नाशिकमध्ये ते मी एकटी करते आहे, असं मी भेटेल त्याला सांगत असे.

हा स्राव काढायची पुस्तकी रीत म्हणजे बेडकाला बॅटरीचा हलका झटका द्यायचा. मी तो देत होते आणि चारातला एक बेडूक माझ्या हातात मान टाकत होता. एक दिवस ती बाई दारात उभी राहून ते बघत होती.

"आवं बाई, त्येनं तुमचं काय खाल्लंय?" ती म्हणाली, आणि न विचारता आत आली.

तिने पिशवीतून एक बेडूक काढला, डाव्या तळव्यात धरला, आणि उजव्या अंगठ्याने डोळ्यांमागून पाठीपर्यंत हळूहळू चोळत राहिली. मिनिटभरात त्याच्या पाठीवर साबणासारखा पांढरा फेस आला. भाताच्या खाचरात आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करताना बेडूक हाती लागले की असा फेस येतो, बोटं दिवसभर बुळबुळीत राहतात, हे तिच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. मी भरपूर वाचलेली, पण मला माहीत नव्हतं. मी बेडूक पांढऱ्या वाडग्यावर धरून उकळून गार केलेल्या पाण्याच्या चार थेंबांनी धुतला. बॅटरी त्या दिवशी कपाटात गेली ती पुन्हा बाहेर आली नाही.

तेव्हापासून ती माझी मावशी झाली. वय असेल पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटकुळी, बोलायला फटकळ. पावसाळाभर दर पंधरवड्याला यायची, माझ्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसून बेडूक चोळायची, मी धुवायचे. धुतलेले बेडूक ती परत घेऊन जायची आणि होते त्याच खाचरात सोडायची. "त्ये पल्याडचे मारत्यात," ती प्राणिशास्त्राकडे मान उडवून म्हणायची, "तुमी नुसती आंघूळ घालता." मी ओरडले तर ती माझ्या दुप्पट ओरडायची. असं माणूस मला कॉलेजात दुसरं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा माझी प्लेट जमली. काचेच्या ताटलीत अगार, म्हणजे शेवाळापासून केलेलं खरवसासारखं थिजलेलं खाद्य. त्यावर आदल्या दिवशी मी बुरशी पेरली होती आणि मधोमध बेडकाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला होता. दहा बेडकांचं धुणं पंख्याखाली आटवून केलेला थेंब होता तो. सकाळी झाकण उचललं तर ताटलीभर पांढरी साय धरलेली, आणि मध्ये रुपयाएवढा गोल अगदी स्वच्छ. तिथे बुरशी उगवलीच नव्हती. मी चक्क नाचले. आनंद दाखवायला जवळ कोणी नव्हतं, फक्त मावशी बाहेर व्हरांड्यात भाकरी खात बसली होती. मी तिला हाताला धरून ओढत आणलं.

तिने ताटली खिडकीच्या उजेडात धरली. "ह्ये पांढरं काय?"

"बुरशी."

"आन् ह्यो मधला गोल?"

"तिथं आपलं पाणी टाकलं. एका दिवसात बुरशी मेली."

ती बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग औषीद झालं की वो!"

आणि मी म्हणाले, "झालंच म्हणा!"

खरं तर ताटलीत बुरशी मारणं वेगळं आणि माणसाच्या अंगात मारणं वेगळं, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत होते. ताटली ते औषध यात वीस-वीस वर्षं जातात, आणि बहुतेक पदार्थ वाटेतच गळतात. ते तिला सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. पण त्या दिवशी मला कोणाकडून तरी 'झालं' असं ऐकायचं होतं. ते तिने म्हटलं आणि मी हुरळले.

पुढच्या वर्षी भाद्रपदात मावशी यायचीच थांबली. एक पंधरवडा गेला, दुसरा गेला. मला एका परिषदेत निबंध वाचायचा होता, प्रयोग अर्धे पडले होते, आणि माझा पारा चढला होता. शेतीचे दिवस आहेत, निंदणी चालू असेल, हे समजून घ्यायचं सोडून मी शिपायाजवळ धुसफुसत होते, की या लोकांना कामाची किंमतच नाही. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मग एका मंगळवारी, तिसरा तास संपवून मी प्रयोगशाळेत आले, तर ती स्टुलावर बसलेली. पायाशी पिशवी. पदर उजव्या डोळ्यावरून ओढून दातात धरलेला.

"किती दिवस लावले मावशी? माझं सगळं काम खोळंबलंय!" मी आल्या आल्या तोंड सोडलं.

"डोळा आला व्हता," ती म्हणाली. "भाताचं पातं लागलं निंदताना. पर आता उतार पडंल, बगा तुमी."

तिने पदर काढला.

डोळ्याचं काळं दिसतच नव्हतं. त्या जागी मळकट पांढरा डाग होता, कडा पिसासारख्या फिसकारलेल्या, आणि खाली पिवळसर पू साचलेला. पापण्या सुजून टरटरल्या होत्या. मी पुस्तकात असली चित्रं पाहिली होती. ओळखीच्या चेहऱ्यावर ते बघणं मला झेपेना.

"मावशी, डॉक्टरला दाखवलं का?"

"दावलं तर! हितंच नाशकात, डोळ्याच्या डॉक्टरीनबाईंना. त्या म्हनल्या, डोळ्यात बुरशी झालीया. बाटली दिली. दर तासाला येक थेंब घाला म्हनल्या." मग तिच्या तोंडावर एक समाधान आलं, कामाची गोष्ट चोख केल्याचं. "चार दीस घातलं. फरक पडंना. तुमच्या ताटलीत तर येका दिसात मेली व्हती. मंग म्हनलं, आपलं औषीद असताना दुसऱ्याचं कशाला?"

मला कळलं होतं, तरी मी विचारलं, "कुठलं औषध?"

"आवं, बेडकाचं पानी."

तिने सगळं बैजवार सांगितलं. बेडूक कसा निवडला, अंगठा कसा फिरवला, वाडगा कसा राखेने घासून उन्हात वाळवला, पाणी उकळून गार कसं केलं. बोट पाण्याला लागू दिलं नाही, कारण मी तिला त्यावरून ओरडायचे. रोज सकाळ-संध्याकाळ ताजं, आठ दिवस. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने इतक्या नीट कृती सांगितली नसती. आणि आधी तपासूनही पाहिलं होतं! शिळ्या भाकरीवर आलेल्या बुरशीवर तिने ते पाणी टाकलं आणि बुरशी बसली. भाकरीवरची बुरशी साध्या पाण्यानेही बसते, तिच्या तंतूंचा भुगा होऊन ती चिकटते, मरत नाही. दुसऱ्या भाकरीवर साधं पाणी टाकून बघायचं, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"झोंबायचं लय," ती म्हणाली. "झोंबतंय म्हंजी लागू पडतंय, म्हनून मी सोसलं."

पिशवीतले बेडूक डरांव डरांव करत होते. मी तिला उठवलं, रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. रस्ताभर ती विचारत होती, की बाई, बेडूक सुकत्याल, त्यांच्यावर पानी कोन मारनार.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दहा खाटांचा होता. माझी त्यांची ओळख कामातली, त्यांच्याकडचे नमुने तपासायला आमच्या प्रयोगशाळेत यायचे. त्यांनी मावशीला यंत्रासमोर बसवलं, डोळ्यात पाहिलं आणि मागे सरकल्या. "मी दिलेलं औषध कुठंय?" मावशीने कनवटीची बाटली काढून दिली. ती अजून अर्धी भरलेली होती.

"मग काय घातलंत इतके दिवस?"

मावशीने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी बाटली खाली ठेवली. "बेडकाच्या अंगावरचं पाणी? डोळ्यात? कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

मावशीने चांगला डोळा माझ्याकडे वळवला. फार नाही, एखादा क्षण. मग म्हणाली, "कोनी नाय. माज्याच डोक्यानं केलं."

आणि मी गप्प बसले. मी, जी शिपायावर, विद्यार्थ्यांवर, रिक्षावाल्यावर एका क्षणात तोंड टाकते, ती मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत उभी राहिले. उद्या सांगू, आधी उपचार सुरू होऊ देत, असं मी स्वतःला समजावलं.

डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन आल्या. "तुम्हीच तर हिचा रिपोर्ट दिला होता," त्या म्हणाल्या. "दोन आठवड्यांपूर्वी पाठवलेला नमुना. भातावरची बुरशी, फ्युजॅरियम. लवकर सापडली म्हणून मला आशा होती."

तो नमुना मला आठवला. त्यांच्याकडून येणाऱ्या चिठ्ठीवर नाव नसायचं, नुसता आकडा. मी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बुरशीच्या विळ्यासारख्या बाकदार बिया दिसल्या, रिपोर्ट लिहिला, सही केली. ती बुरशी छान वाढली म्हणून एका नळीत जपून फ्रिजमध्येही ठेवली. त्याच टेबलावर बसून मी मावशीच्या नावाने बोटं मोडत होते, आणि मावशीचा डोळा समोर माझ्या काचेवर होता.

मावशीला दाखल करून कॉलेजात परत आल्यावर मी आधी बेडकांवर पाणी मारलं. मग फ्रिजमधली ती नळी काढली. मला स्वतःला निर्दोष ठरवायचं होतं, दुसरं काही नाही. बेडकाचं पाणी या बुरशीला मारतं असं दिसलं असतं, तर निदान कल्पना खरी होती, फक्त प्रमाण चुकलं, असं म्हणता आलं असतं. मी ताटल्या पेरल्या. अर्ध्या नेहमीच्या अगारच्या. अर्ध्यांत मात्र मीठ घातलं, माणसाच्या आसवांत असतं तेवढंच. आधीची दोन वर्षं हे मला सुचलं नव्हतं असं नाही. एकदा सुचलं होतं. परिषदेनंतर बघू म्हणून बाजूला ठेवलं होतं, कारण येणारा निकाल मनाला नको होता.

दोन दिवसांनी झाकणं उचलली. नेहमीच्या ताटल्यांत स्वच्छ गोल होते, लहान पण स्पष्ट. मिठाच्या ताटल्यांत काहीच नव्हतं. गोल नाही, डाग नाही. जिथे मी थेंब ठेवला होता तिथूनही बुरशी कापसासारखी वर आली होती.

मी पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा. पेप्टाइड बुरशीला चिकटतात ते त्यांच्यावरच्या विद्युतभारामुळे, आणि मीठ मध्ये आलं की ती ओढ सुटते. माझं पाणी मीठ सोसत नव्हतं. एवढी साधी गोष्ट, एका चिमटीची. माणसाच्या अंगात मीठ नाही अशी जागा कुठली? घामात, रक्तात, आसवांत. त्यात तिचं पाणी माझ्या थेंबासारखं आटवलेलंही नव्हतं, पातळ होतं, आणि बेडकाच्या अंगावरचे चिखलातले जंतू त्यात जसेच्या तसे. ते डोळ्याला झोंबत होतं, डोळा आसवं गाळत होता, आणि जे थोडं काही त्यात होतं ते त्या आसवांनी निकामी होत होतं. आठ दिवस ती सोसत राहिली ते कशासाठी?

पुढे माझ्या प्रबंधात या मिठाचं एक पूर्ण प्रकरण आलं. माझे गाईड म्हणाले, हे कशाला, चांगले निकाल आहेत ते मांडा. मी ऐकलं नाही. दोन हजारनंतरच्या वर्षांत मी वाचत राहिले, की कोणी पेप्टाइडचे तुकडे बदलून ते मिठात टिकतील असे करतंय, कोणी ते डोळ्यात लवकर विरघळून जाऊ नयेत म्हणून खटपट करतंय. कामं चांगली आहेत आणि मला त्यांची आशाही वाटते. पण अजून माझ्यासमोर कोणी 'औषध झालं' म्हणालं की मला ओरडावंसं वाटतं.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. डोळा आतून फुटला होता. पसरू नये म्हणून तो काढून टाकावा लागला. मी विचारलं, बाटलीतलं औषध नीट घातलं असतं तर वाचला असता का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित." हे 'कदाचित' मी आजही उगाळत असते.

पाचव्या दिवशी मी गेले. खाटेवर मावशी उशीला टेकून बसली होती, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. तिची सून चहा आणायला खाली गेली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मावशीने माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या बाई. कॉलेजात लय मोठ्या हायेत. औषीद शोधत्यात." तिच्या आवाजात अजून तोच अभिमान होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मी स्टूल ओढलं, तिचा हात धरला आणि सांगून टाकलं. मीठ, आसवं, ताटल्या, सगळं. "ते औषध नव्हतं मावशी. मी त्या दिवशी झालं म्हणाले ते खोटं होतं. त्यात मीठ पडलं की त्याचा काही उपयोग नाही. मी ते आधी तपासायला हवं होतं."

ती ऐकत होती. रागावली नाही, रडलीही नाही. तिने उरलेला डोळा पदराने टिपला. तो लाल होता. सगळे म्हणत होते रडून झालाय.

"बाई," ती म्हणाली, "मंग ह्यालाबी काय हुईल का?"

"याला कशाला होईल? पातं तर त्या डोळ्याला लागलं होतं."

"तसं न्हवं," ती म्हणाली. "मी ह्याच्यातबी घालत व्हते. बरा व्हता, पर म्हनलं आगुदरच घातल्यालं बरं. बुरशी इकडं नगं याया."

मला वाटतं मी तिचा हात झटकलाच. दोन्ही डोळ्यांत. आठ दिवस, दोन वेळा, चिखलातले जंतू असलेलं ते पाणी, चांगल्या डोळ्यात. आणि पाच दिवस तो लाल होता, आणि डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक नव्हतं, कारण मी गप्प होते. मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर त्यांनी आम्हां दोघींना खोदून विचारलं असतं. किती घातलं, कसं, कुठल्या डोळ्यात. मी जिना धावत उतरले. डॉक्टरीणबाई तपासणीच्या खोलीत दुसऱ्या पेशंटला बघत होत्या. मी दार लोटून आत गेले.

"डॉक्टर, तिला ते मी सांगितलं होतं. बुरशीवर औषध झालं असं मीच म्हणाले होते. आणि ती ते दोन्ही डोळ्यांत घालत होती."

त्यांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. मला वाटलं आता बोलतील, मला ते हवंही होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आज पाचवा दिवस आहे." मग पेशंटला बसवून ठेवून त्या वर गेल्या, मी मागोमाग.

त्या डोळ्यातून घेतलेला नमुना मीच कॉलेजात नेला. काचेवर पाहिला, ताटलीत पेरला. त्या दोन दिवसांत मी तास घेतले, जेवले, घरी जाऊन झोपले असेन, पण यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते इन्क्युबेटरचं, म्हणजे ताटल्या उबेत ठेवायच्या कपाटाचं, दार. मी ते इतक्यांदा उघडलं, की प्रयोगशाळेच्या मदतनीसाने शेवटी त्यावर हात ठेवला. बुरशी उगवू नये म्हणून मी देवाचं नाव घेत होते, आणि मी देवाधर्मातली नाही.

बुरशी उगवली नाही. जंतू उगवले, साधे, औषधाला दाद देणारे. बुबुळाच्या कडेला एक बारीक जखम होऊ लागली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून दोन-तीन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. थेंब सुरू झाले, तासातासाला. सुनेला घरी लहान मूल होतं, भात पोटरीला आला होता, तिला जावंच लागलं. मी कॉलेजातून रजा काढली आणि दिवसाचे थेंब माझ्याकडे घेतले. परिषद त्याच आठवड्यात होती. मी गेले नाही, आणि कोणाला कारणही सांगितलं नाही.

थेंब सुरू झाल्यापासून दहाव्या दिवशी डोळा निवळला. मावशीने खिडकीबाहेरच्या पाटीवर अक्षरांच्या किती ओळी आहेत ते सांगितलं. वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता आल्या. मी तोंड फिरवून रडले. तिने मला रडू दिलं. दुपारचं ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं, शेजारची बाई घोरत होती.

"बाई, येक इचारू का?" मावशी म्हणाली.

"विचारा ना."

"डॉक्टरीनबाईंनी त्या दिशी इचारलं, कोनी सांगितलं म्हनून. मी म्हनले, कोनी नाय. तुमची नोकरी हाय, चार लोकांत नाव हाय, म्हनून म्हनले."

"माहीत आहे मावशी."

"पर मला वाटलं व्हतं, मी आसं म्हनले तरी तुमी बोलाल." तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "मी तुमच्याकडं बगत व्हते. तुमी का नाय बोलला?"

घड्याळात तास भरला होता. मी बाटलीचं झाकण काढलं. मावशीने आपणहून मान मागे टाकली, बोटांनी पापणी वर धरली, आणि तो एकुलता डोळा माझ्यासमोर उघडा ठेवून ती थेंबाची वाट बघत राहिली.